मागून येणारे आवाज

ट्रकचा हॉर्न वाजला आणि अख्खा रस्ता दचकला. फळांच्या गाडीवरची बाई दचकली, बँकेच्या पायरीवर लवंडलेलं कुत्रं उठून पळालं, मी स्वतः फूटपाथवर चांगली वीतभर उडी मारली. माझी सहा वर्षांची मुलगी, जिला आम्ही भिंगरी म्हणतो कारण ती एका जागी उभी राहिलेली अजून कोणी पाहिलेली नाही, तीसुद्धा गर्रकन वळली आणि का कोण जाणे, जोरात पाय आपटून रडवेली झाली. वळला नाही तो फक्त तिचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा भुंगा. ट्रक आमच्या पाठीमागच्या गल्लीतून उलटा बाहेर येत होता, हॉर्न असा की पोटात घुमावा, आणि हा पठ्ठ्या दोन्ही हात खिशात घालून, संध्याकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनरासारखा सावकाश पुढे चालत राहिला. मी त्याची कॉलर धरून त्याला बाजूला ओढलं. त्याने वर पाहिलं, डोळे चमकत होते, आणि विचारलं, "काय झालं बाबा?" मी म्हटलं, "काही नाही, चल."

दुसरा कोणी बाप असता तर म्हणाला असता, काय धीट पोर आहे, आणि चारचौघांत मिरवलं असतं. मला तसं करता येईना, कारण माझं पोटच लोकांच्या कानांवर चालतं. एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या पुढे, जिथे जाताना माणसं हमखास रस्ता चुकतात, तिथे एक जाड दाराची खोली आहे. दार लावलं की बाहेरचं जग बंद. त्या खोलीत मी लोकांना बसवतो, कानांना हेडफोन लावतो आणि काचेच्या अलीकडून मशीनवरून बारीक बारीक आवाज सोडत, कोणाला कुठपर्यंत ऐकू येतंय ते बघतो. मोठी माणसं बटण दाबतात. लहान मुलांना बटण दिलं की ती ते चाटतात, म्हणून त्यांना लाकडी ठोकळे आणि एक डबा द्यायचा आणि काचेकडे पाठ करून बसवायचं, म्हणजे मशीनवरचा माझा हात त्यांना दिसत नाही. आवाज आला की एक ठोकळा डब्यात. इतकी वर्षं मी मुलांच्या पाठीच बघत आलोय. ऐकू येणारी पाठ कशी असते आणि न येणारी कशी, हे मला चेहरा न बघता कळतं, असं मी नव्या लोकांना शिकवताना जरा फुशारकीनेच सांगतो. त्या दिवशी फूटपाथवर मी माझ्या मुलाची पाठ बघितली होती. ती केसभरसुद्धा हलली नव्हती.

माझ्याकडे येणारे आईबाप सगळे एकच वाक्य बोलतात. "हाक मारली तरी बघत नाही हो." मी विचारतो, कधीपासून. मग ते एकमेकांकडे बघतात आणि सांगतात, आत्ता आत्ताच लक्षात आलं. मला ठाऊक असतं की हे खरं नाही. लक्षात केव्हाच आलेलं असतं, फक्त दोघांनी एकमेकांना सांगितलेलं नसतं. मी वरवर गोड बोलतो, पण मनातून त्यांना चांगलं झापतो: इतके दिवस झोपला होतात का? लवकर आला असतात तर किती तरी करता आलं असतं. आता मी तोच माणूस होतो आणि घरापर्यंतच्या रस्त्यावर स्वतःची समजूत घालत होतो. भुंगा बोलतो नीट. पोपटासारखा बोलतो. ज्याला ऐकू येत नाही ते पोर दिवसभर इतकी टकळी लावेल का? पण मग आतला दुसरा, तळमजल्यावरचा माणूस बोलायला लागला. बोलायला शिकल्यानंतरही कान जातात. हळूहळू जातात, कोणाच्या लक्षात न येता. आणि हा 'घर'ला अजून 'घल' म्हणतो, त्याचं काय? चार वर्षांची निम्मी पोरं 'घल' म्हणतात हे मी शेकडो आयांना सांगून धीर दिलेला आहे. मला मात्र तो धीर पुरेना.

आमच्या घरात शांतता हा प्रकार नाही. सोफ्याच्या गाद्या जमिनीवर असतात आणि जमिनीवर असायच्या त्या वस्तू सोफ्यावर. भिंगरी स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत धावत जाते, दाराला हात लावते, परत धावत येते आणि तिच्या मागे भुंगा तोंडाने घूं करत. का धावताय रे, असं विचारलं की दोघं थांबून एकमेकांकडे बघतात. श्वास का घेताय, असं विचारल्यावर माणूस बघेल तसं. खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकतात, तर ही दोघं वरून टाचेने उत्तर देतात. त्यांना वाटतं काकांनाही करमत नाहीये. त्यात माझी बायको पोहायला शिकवते. तिचा आवाज अख्ख्या तलावाला पुरतो आणि घरी आल्यावर तो कमी करायला ती विसरते. मी दिवसभर त्या मुक्या खोलीशेजारी बसून येतो, कान बारीकातला बारीक आवाज टिपायला लावून ठेवलेले, आणि लिफ्टचं दार उघडताच आमच्या घराचा गलका अंगावर येतो. माझा पहिला शब्द "शू". बूट काढायच्या आधी "शू". कधी कधी नळ मोठा सोडून न्हाणीघरात उगाच उभा राहतो आणि मनात म्हणतो, जरा वेळ, नुसता जरा वेळ हे घर गप्प होऊ दे. आता हेच आठवून मला धडकी भरायची. शांतता मागताना ती कोणाच्या वाट्याची मागतोय, हे मी बघितलं नव्हतं. असलं काही नसतं, मागण्याने कोणाचे कान जात नाहीत, हे मला कळतं. पण कळून उपयोग काय?

मग मी घरीच चाचण्या सुरू केल्या. रीतसर तपासणीला न्यायचं सोडून, हे सगळं ज्याला कळतं तोच माणूस चोरून चमचे पाडत हिंडू लागला. भुंगा बाहेरच्या खोलीत गाडी फिरवत बसलेला असे, माझ्याकडे पाठ. मी स्वयंपाकघरातून पाय न वाजवता यायचो आणि त्याच्या मागे चमचा पाडायचो. भिंगरी वळायची. भुंगा नाही. दुसऱ्या संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा. पुढे कुकरचं झाकण, ज्याच्या आवाजाने काकांची काठी लगेच वाजली, पण भुंग्याची मान जागची हलली नाही. एकदा मी अगदी जवळ जाऊन, त्याच्या मागे उकिडवा बसून हलक्या आवाजात म्हटलं, "चॉकलेट." जगात असं मूल नाही जे ह्या शब्दाला वळणार नाही. आम्ही इस्पितळातसुद्धा हा शब्द वापरतो, कारण तो कधी फसत नाही. भुंग्याचे खांदे जरासे थरथरले आणि स्थिर झाले. तो वळला नाही. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. समोर त्याची मान होती, तिच्यावरची मऊ लव, कानामागे सुकलेला साबणाचा फेस, आणि ते दोन कान, किंचित बाहेर आलेले, पातळ, उजेडात लालसर दिसणारे. जन्मला तेव्हा सगळ्यात आधी मी त्याचे कान बघितले होते. बोटं मोजायचीसुद्धा राहून गेली. कान अगदी आजीवर गेलेत, असं तेव्हा सगळे म्हणाले होते आणि आम्ही हसलो होतो.

आजी म्हणजे माझी आई. ती तरुण होती तेव्हाच तिचं ऐकणं कमी होत गेलं. एकदम नाही. आधी दारावरची थाप गेली, मग दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक, मग एकाच खोलीतली. मी शाळेतून यायचो आणि दारातून ओरडायचो, आई, आणि ती पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत असायची, घालतच राहायची. मला तिची पाठ आठवते. निळी साडी, पाठीवर ओलसर वेणी आणि दोन्ही हातांची ती एकसारखी हालचाल. मग मी जमिनीवर पाय आपटायला शिकलो. जमीन हादरली की तिला तळपायातून कळायचं आणि ती वळायची, आणि वळली की असा काही चेहरा फुलायचा, जणू मी जवळ आहे ही तिला मिळालेली ताजी बातमी असावी. ती माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवायची आणि म्हणायची, "आता बोल." शाळेतलं सगळं मी असं हनुवटी तिच्या मुठीत ठेवून सांगितलेलं आहे. पुढे पुढे लोक काही बोलले की ती नुसती हसायची. कोणी मेल्याचं सांगितलं तरी आधी हसायची आणि मग समोरच्याचा चेहरा बघून हसू आवरायची. ते आवरलेलं हसू मला सहन व्हायचं नाही. मी ह्या कामात शिरलो तो त्यामुळेच, दुसरं काही कारण नाही. कोणी मुलाखतीत विचारलं तेव्हा मी विज्ञानाची आवड वगैरे सांगितलं होतं. आणि आता भुंग्याच्या मागे उकिडवा बसलेला असताना मला वाटलं, ते माझ्या अंगातून पुढे गेलं. मला सोडून, माझ्या हाताखालून निसटून, त्याच्याकडे गेलं.

बायकोला मी बरेच दिवस सांगितलं नाही. एका संध्याकाळी मुलं आंघोळीला गेली होती, आतून पाण्याचा आणि किंचाळण्याचा आवाज येत होता, आणि ती वाटाणे सोलत बसली होती. तिच्या केसांना तलावाच्या पाण्याचा वास येत होता. ती म्हणाली, "अरे, तुझं काय चाललंय? परवा तू भुंग्याच्या मागे झाकण घेऊन उभा होतास. भूत लागल्यासारखा." मी सांगून टाकलं. ट्रक, चमचा, चॉकलेट, सगळं. सांगताना माझा आवाज तपासणीच्या खोलीतल्यासारखा सपाट होत गेला, आणि तिचे हात थांबले. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही, भडकली. "इतके दिवस? इतके दिवस तू एकटा हे घेऊन बसलास? दुसऱ्या आईबापांना शहाणपण शिकवतोस ना तू?" मी म्हटलं, "नक्की झालं की सांगणार होतो." ती म्हणाली, "चमचे पाडून नक्की होतं? उद्याच्या उद्या ने त्याला." मग तिने एक शेंग उघडली, आतले दाणे अंगठ्याने ओढले, आणि शेंगेकडे बघतच विचारलं, "तलावात माझी हाक ऐकतो रे तो. पाण्यात असतो तरी ऐकतो. ते काहीच नाही का?" मी म्हटलं, "तुझी हाक तर काकाही ऐकतात." तिला हसू आलं, आणि मग मात्र तिचे डोळे भरले. आतून भुंगा ओरडला, "आई, हिने माझा टॉवेल घेतला!" आम्ही दोघं एकदमच उठलो.

सकाळी तिला तलावावर जायचं होतं, शाळेला सुट्टी होती, तेव्हा मी दोघांनाही घेऊन निघालो. भिंगरीला इस्पितळ नवं नाही. मागे एकदा तिच्या शाळेतले नळ फुटले होते तेव्हा ती दिवसभर माझ्याशेजारी स्टुलावर बसली होती आणि संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या नर्सबाईंना आमच्या घरातली सगळी भांडणं सांगितली होती. आज ती गाइड झाली. "इथून डावीकडे. इथे फोटो काढतात, पण हाडांचे. इथे बाबा बसतो." भुंगा माझं बोट धरून, प्रत्येक काळ्या फरशीवरून उडी मारत येत होता. स्वतःच्या मुलाची तपासणी मी करणार नव्हतो. न टाकलेला ठोकळा मला टाकलेला दिसला असता. आमच्या विभागात माझ्या वरच्या एक बाई आहेत. त्या कोणाचं कौतुक करत नाहीत आणि कोणाला दिलासाही देत नाहीत, त्यामुळे त्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तुम्ही तिकडे मागे बसा. आणि मध्ये मध्ये तोंड घालू नका." म्हणून मी, रोज जिथे आईबापांना बसवतो, त्या खुर्चीत बसलो. तिचा एक पाय आखूड आहे आणि ती डुगडुगते, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

काचेपलीकडे भुंगा बसला. डोक्याच्या मानाने हेडफोन मोठे. बाईंनी त्याला ठोकळे दिले, डबा दिला, काय करायचं ते सांगितलं आणि जाड दार लावून अलीकडे आल्या. त्याची पाठ माझ्याकडे होती. पिवळा शर्ट, मागे बाहेर आलेलं लेबल. बाईंनी पहिला आवाज सोडला. मला इकडे काही ऐकू येत नव्हतं, फक्त मशीनवरचा दिवा लागलेला दिसला, आणि त्या एवढ्याशा वेळात माझ्या डोक्यातून काय काय गेलं. कानातलं यंत्र, ते भुंगा कुठेकुठे हरवेल, शाळेत पहिल्या बाकावर बसवायला सांगावं लागेल, मुलं चिडवतील, भिंगरी त्यांना बदडेल, तलावात उतरताना यंत्र काढावं लागेल आणि मग पाण्यात आईची हाक. आणि कधी तरी मोठा झाल्यावर तो कोणाच्या तरी बातमीला हसेल आणि मग हसू आवरेल. दिवा लागला आणि भुंग्याचा हात उचलला गेला. ठोकळा डब्यात पडला. पुन्हा दिवा, पुन्हा ठोकळा. बाई आवाज बारीक करत गेल्या. मी त्यांची बोटं बघत होतो, कुठल्या खुणेपर्यंत मुलं पोचतात आणि कुठे थांबतात हे मला डोळे मिटून माहीत आहे, आणि बाई त्या खुणेच्या खाली गेल्या. ठोकळा पडला. त्याही खाली गेल्या. भुंग्याने मान तिरकी केली, क्षणभर वाट बघितली आणि अगदी हळूच, डबा जागा होऊ नये अशा बेताने, ठोकळा आत ठेवला. मग दुसरा कान. तिथेही तेच.

बाईंनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. "कोणत्या मुलाबद्दल सांगत होतात तुम्ही? हाच ना?" मी मान हलवली. "अहो, ह्याला भिंतीवर चालणारी पाल ऐकू येत असेल. इतकं चांगलं ऐकू येणारं पोर मी ह्या वर्षात बघितलं नाही. मला तर वाटलं, मशीनच बिघडलं." माझा जीव भांड्यात पडला असं म्हणायचं, पण खरं सांगायचं तर आधी मला ते पटलंच नाही. माझ्या तोंडून वाद घातल्यासारखं निघालं, "पण मग तो वळत का नाही? मागून कितीही आवाज करा, तो वळत नाही." माझ्याशेजारी भिंगरी स्टुलावर गोल गोल फिरत होती. ती फिरता फिरताच म्हणाली, "वळेल कसा? वळलं की आऊट."

"कोण म्हणतं?"

"तूच. तूच सांगतोस ना सगळ्या मुलांना? शहाण्यासारखं समोर बघायचं, मागे वळायचं नाही, वळलं की आऊट. मी ऐकलंय. नळ फुटले होते तेव्हा."

स्टूल थांबलं. तिला आता सांगायचाच उत्साह आला. हा खेळ त्यांनी त्या दिवसापासूनच चालू केला होता. त्याचं नाव 'बाबांचं ऑफिस'. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कधीही, कुठेही, मागून आवाज आला तर वळायचं नाही. जो वळला नाही तो रात्री खिडकीजवळ झोपणार. "ट्रकला मी वळले," ती म्हणाली आणि तो राग तिच्या तोंडावर अजून ताजा होता. "इतका मोठा हॉर्न! मला माहीतच नव्हतं येणार आहे ते. हा नाही वळला. हा कधीच आऊट होत नाही. रोज हाच खिडकीजवळ." मी विचारलं, आणि चमचा? किल्ल्या? "ते तर सोप्पं होतं. मलाच राहवायचं नाही, मी वळायचे. तू येताना दिसतोस ना." कुठे दिसतो? "टीव्हीत. बंद असला की सगळं दिसतं. तू असा येतोस." आणि तिने स्टुलावरून उतरून, खांदे वर काढून, हातात काल्पनिक झाकण धरून, चवड्यांवर चालून दाखवलं. बाईंनी तोंडावर रुमाल धरला. मी ज्या खोलीत इतकी वर्षं काम करतो तिथे समोरच्या भिंतीवर काचेची साधी तसबीर मी कोणाला लावू देत नाही, मुलाला मागचं दिसू नये म्हणून. नव्या लोकांना हे मी पहिल्या दिवशी शिकवतो. "आणि चॉकलेट?" मी विचारलं. "तेव्हा तर तो दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होता. तू मागे होतास ना, तुला नाही दिसलं." खांदे थरथरले होते ते हे. मी त्याला रोगाची आणखी एक खूण समजलो होतो.

"पण तुम्हाला काय वाटलं," मी विचारलं, "बाबा हे सगळं कशाला करतोय?"

भिंगरीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फारच बाळबोध काही विचारलं होतं. "खेळतोयस. आधी तू आल्या आल्या शू म्हणायचास. मग तू पण खेळायला लागलास."

मी उठून आत गेलो, कारण मला त्या दोघींच्या समोर थांबता येईना. जाड दार मागे लागलं. त्या खोलीतल्या शांततेत स्वतःचं रक्त ऐकू येतं असं लोक म्हणतात, पण मला भुंग्याचं नाक ऐकू आलं. त्याला थोडी सर्दी होती. एक नाकपुडी बंद आणि दुसरीतून बारीक शिट्टी. मी ती ऐकत उभा राहिलो. ह्या सगळ्या दिवसांत मी घाबरून अर्धा झालो होतो, जेवण जात नव्हतं, बायकोकडे नीट बघवत नव्हतं, आणि ह्यांच्या हिशेबी हे दिवस बाप खेळायला लागला ते दिवस होते. संध्याकाळी लिफ्टचा आवाज आला की दोघं धावत जाऊन टीव्हीकडे तोंड करून बसत असणार, हसू दाबत, आज काय वाजवतोय बघू म्हणत. मी त्यांच्या पाठी बघत बसलो होतो आणि ते काळ्या काचेत माझा चेहरा बघत होते. मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही आलं, दोन्ही इतकं एकदम की मला खाली फरशीवर बसावं लागलं. भुंगा वळला नाही. हेडफोन लावूनच, समोर बघत, त्याने विचारलं, "बाबा, मी जिंकलो?" मी म्हटलं, "जिंकलास राजा. आता वळ." तेव्हा कुठे तो वळला.

बायकोला फोन लावला. तिने उचलला तेव्हा मागे पाण्याचा आणि पोरांचा प्रचंड गलका होता. मी म्हटलं, "सगळं चांगलं आहे. उत्तम ऐकू येतं." ती ओरडली, "काय? मोठ्याने बोल, इथे काही ऐकू येत नाही!" इस्पितळाच्या त्या भागात मोठ्याने बोलायला बंदी आहे, तशी पाटी मीच लावलेली आहे. तिच्याखाली उभा राहून मी ओरडलो, "त्याला ऐकू येतं! सगळं ऐकू येतं!" पलीकडे एकदम तिची शिट्टी वाजली. गलका थांबला, आणि त्या थांबलेल्या तलावातून तिचा आवाज आला, हळू, मला माहीत असलेल्या तिच्या कुठल्याही आवाजाहून हळू. "परत सांग." मी परत सांगितलं. ती मग एवढंच म्हणाली, "घरी येऊन तुला बघते," आणि पुन्हा शिट्टी वाजवली.

आम्ही चालत परत निघालो. बसने येता आलं असतं, पण मला चालायचं होतं. दुकानं उघडत होती, कोणी शटर वर ढकलत होतं, कोणी दाराबाहेर पाणी मारत होतं, एक न्हावी रिकाम्या खुर्चीला टॉवेलने झटकत होता. मी भराभर चालत होतो. भिंगरी म्हणाली, "आता बाबावर राज्य. बाबा पुढे, आम्ही मागे. आणि वळायचं नाही." मी कबूल केलं. मी पुढे झालो आणि ती दोघं मागे राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मुलांचा आवाज ऐकत चाललो, नुसता ऐकत, तो थांबवण्याचा विचार न करता. भुंग्याचा एक बूट सैल होता, तो चटक-पटक वाजत होता. भिंगरी उड्या मारत होती, मग तिने कुठल्या तरी जाळीवरून काडी खरखरत ओढली. एक दगड लाथेने उडत माझ्या टाचेपाशी आला. "बाबा, साप!" मी वळलो नाही. "बाबा, भुंगा पडला!" त्याच्या बुटाचा आवाज चालू होता, तेव्हा पडला नव्हता. मी वळलो नाही. "बाबा, आई आली!" ह्याला मी वळणार होतो, पण आईचा आवाज न येता आई येऊ शकत नाही. मागे कुजबुज झाली, खिदळणं झालं, भिंगरीने त्याला काहीतरी बजावलं. मला वाटलं, आता ट्रकपेक्षा मोठं काहीतरी येणार, आणि मी खांदे आवळून तयार राहिलो.

आलं काहीच नाही. बूट वाजायचा थांबला. काडी थांबली. खिदळणं थांबलं, उड्या थांबल्या, ते सर्दीने भरलेलं नाकसुद्धा थांबलं. माझ्या मागे फूटपाथवर पूर्ण शांतता पसरली, मी रोज लिफ्टचं दार उघडताना मागत होतो तशी, आणि ती एक पाऊलभरही मला सोसली नाही. मी गर्रकन वळलो.

दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर श्वास कोंडून, गाल फुगवून उभी होती.

"आऊट!" दोघं इतक्या जोरात ओरडली की रस्त्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली, आणि मी पोरांना शू म्हटलं नाही.